वर्गणी भरली, आता दार उघडायला शिकवा

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील जवळजवळ १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु अशा योजनेचे यश नियतकालिकांच्या संख्येवरून नव्हे, तर विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष पडलेल्या संपूर्ण शोधनिबंधावरून मोजले पाहिजे.

दिल्लीतील एखाद्या सरकारी विद्यापीठाचा विद्यार्थी रात्री खोलीवर मोबाईलवर शोधनिबंध शोधतो. सारांश दिसतो, पुढे डॉलरमधील किंमत. तो परत फिरतो आणि केवळ सारांशावर आपला प्रबंध उभारतो. ज्या निबंधासाठी त्याच्याकडे पैसे मागितले गेले, त्याची वर्गणी कदाचित देशाने आधीच भरलेली असते! प्रकाशकाचे संकेतस्थळ वाचकाला नव्हे, त्याच्या संस्थेला ओळखते. विद्यापीठाच्या नेटवर्कवर जे सहज उघडते, ते बाहेर बंद दिसते. बाहेरून वाचण्यासाठी इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’ व्यवस्थेतून संस्थेचे लॉगिन करावे लागते. त्याचे खाते कसे मिळवायचे, हे ग्रंथालयात विचारता येते. पण विचारायचे असते, हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

खरे तर वाट फार अवघड नाही. निबंधाचे शीर्षक आणि डीओआय क्रमांक टिपून घ्यावा, नियतकालिक योजनेच्या यादीत आहे का ते पाहावे आणि संस्थेमार्फत लॉगिन करावे. यादीत नसेल, तर अर्काइव्हसारख्या मुक्त भांडारात लेखकाने ठेवलेली प्रत शोधावी किंवा लेखकाला नम्रपणे पत्र लिहावे. एवढे शिकवण्यास एक तास पुरतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात, ग्रंथपालांच्या हातून, तो तास अनिवार्य असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. योजनेचा पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. नोएडा वा गुरुग्राममधील खासगी विद्यापीठाचा विद्यार्थी त्याच महानगरात राहूनही या दाराबाहेर उभा आहे. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० साली दाखल केलेल्या खटल्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘साय-हब’ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या बाहेरची वाट बंद करायची, तर कायदेशीर वाट रुंद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. दिल्लीतील ग्रंथालयांना परस्परांशी जोडण्यासाठी १९८८ मध्येच ‘डेलनेट’ सुरू झाले होते. ज्ञान वाटून घेण्याची कल्पना या शहराला नवी नाही. पुढील टप्प्यात ‘राष्ट्र’ या शब्दात सर्व विद्यार्थी आले पाहिजेत.

तोवर, विद्यार्थी मित्रहो, या आठवड्यात आपल्या ग्रंथालयात जा आणि एवढेच विचारा: ‘घरून पूर्ण निबंध वाचण्यासाठी माझे खाते कसे उघडायचे?’