नदीचा नाला होतो तेव्हा

छठपूजेचे दिवस जवळ आले की दिल्लीतील कालिंदी कुंज परिसरातील यमुनेची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात. पात्रभर पसरलेला पांढरा फेस, आणि त्या फेसात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देणाऱ्या स्त्रिया. मग फेस दाबण्यासाठी रसायने फवारली जातात, शेजारी राज्ये परस्परांवर दोषारोप करतात आणि सण सरला की विषयही सरतो. वास्तविक, फेस हे केवळ लक्षण आहे. कपडे धुण्याच्या साबणांतील फॉस्फेट आणि फेसकारी द्रव्ये प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याबरोबर नदीत येतात. ओखला बंधाऱ्यावरून ते पाणी खाली कोसळते, घुसळले जाते आणि फेसाळते. दुखणे बरेच वरच्या बाजूला सुरू झालेले असते.

यमुनेची एकूण लांबी 1,376 किलोमीटर. त्यांपैकी वझिराबाद ते ओखला हा दिल्लीतील प्रवाह अवघा 22 किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. तरीही नदीतील सुमारे तीन चतुर्थांश प्रदूषण याच टप्प्यात होते, असे सरकारी अहवालच सांगतात. वझिराबादच्या बंधाऱ्यापाशी राजधानी पिण्यासाठी पाणी उचलते आणि बंधारा ओलांडताच काही अंतरावर नजफगढ नाला यमुनेला मिळतो. दिल्लीतून नदीत जाणाऱ्या घाणीचा सर्वांत मोठा वाटा या एका नाल्याचा आहे.

या नाल्याला स्वतःचा इतिहास आहे. राजस्थानातील अरवलीच्या डोंगरांत उगम पावून हरियाणामार्गे दिल्लीत येणारी साहिबी नदी ती हीच. वाटेत नजफगढची विस्तीर्ण झील भरून ती यमुनेस मिळत असे. पुढे झीलेचे पाणी काढून देण्यासाठी तिचे पात्र खोदले गेले, सरळ केले गेले, आणि शहर वाढत गेले तसे त्यात सांडपाणी येऊ लागले. यथावकाश सरकारी दप्तरांत तिचे नावही ‘नाला’ झाले. नाव बदलले की अपेक्षाही बदलते. नदीत मैला सोडणे हा गुन्हा वाटतो. नाल्यात सोडणे ही व्यवस्था वाटते.

या पाण्यात असते तरी काय? पहिला घटक म्हणजे मैला आणि इतर सेंद्रिय घाण. तिचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात. दिल्लीतील अनेक ठिकाणी विरघळलेल्या प्राणवायूची नोंद वारंवार शून्यावर जाते. तिथे मासा जगणे शक्य नाही. मैल्याबरोबरच विष्ठेतील जिवाणू येतात. स्नानयोग्य पाण्यात 100 मिलिलिटरमागे त्यांची कमाल मर्यादा 2,500 आहे. यमुनेत ती अनेक पटींनी ओलांडली जाते. दुसरा घटक अमोनिया. हरियाणातील पानिपत, सोनीपतच्या बाजूने कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी आले की वझिराबादला त्याचे प्रमाण वाढते, क्लोरिन त्याच्याशीच खर्ची पडतो आणि दिल्लीचा पाणीपुरवठा घटवावा लागतो. तिसरा घटक जड धातू. यमुनेत ते धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून येतात, तर गंगेकाठी कानपूरच्या चर्मोद्योगातून क्रोमियम येते. चौथा घटक शेतांतून वाहून येणारी खते आणि कीटकनाशके. त्यांना एक ठरावीक मुख नसल्यामुळे त्यांना अडवणे सर्वांत कठीण.

यांतील जड धातू घातक खरेच. ते कुजत नाहीत, साठत राहतात. परंतु प्रमाणाचा विचार केला, तर देशातील बहुतेक नद्यांचा मुख्य शत्रू शहरांतील घरगुती सांडपाणी हाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागांत दररोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. उभारलेल्या प्रकल्पांची क्षमता 31,841 दशलक्ष लिटर, त्यांपैकी चालू प्रकल्पांची 26,869, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती 20,235 दशलक्ष लिटरवर. म्हणजे चालू असलेल्या प्रकल्पांतही सहा हजार दशलक्ष लिटरहून अधिक क्षमता रिकामी राहते आणि शेजारून नाले भरून वाहतात. कारण साधे आहे. प्रकल्प बांधला जातो, परंतु घरापासून प्रकल्पापर्यंतची वाहिनी पूर्ण होत नाही.

सेवेत असताना मी अशा अनेक आढावा बैठकांना बसलो आहे. किती क्षमता उभी राहिली आणि किती निधी खर्च झाला, हे तिथे नेमाने विचारले जाई. नदीचे पाणी किती सुधारले, हा प्रश्न क्वचितच निघे. मीही तो पुरेशा वेळा विचारला नाही.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. 1974 चा जलप्रदूषण नियंत्रण कायदा सर्वांनाच लागू आहे, पण त्याचा हात पोहोचतो तो मुख्यतः कारखान्यांपर्यंत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियाही न करणारे कानपूरचे चर्मोद्योग बंद करण्याचा आदेश दिला. जानेवारी 1988 मध्ये त्याच याचिकेत कानपूर महापालिकेलाही निर्देश दिले गेले. पहिल्या निकालाची आठवण आजही काढली जाते, दुसऱ्याची फारशी नाही. कारखान्याला टाळे ठोकता येते. शहराला ठोकता येत नाही. जिथे प्रदूषण करणारा आणि त्यावर देखरेख ठेवणारा दोघेही शासनच असतात, तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे राहत नाही. 2024 च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांवरील कारावास काढून त्याजागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. सरकारी खात्याने उल्लंघन केल्यास खातेप्रमुखाला एक महिन्याच्या मूळ वेतनाएवढा दंड! नदीच्या हानीचे हे मोल कोणत्या हिशेबाने ठरले असावे?

पाण्याची टंचाई या प्रश्नात भर घालते. हथनीकुंड बंधाऱ्यावर उन्हाळ्यात यमुनेचे बहुतांश पाणी कालव्यांत वळते. शेतकऱ्यांचा त्यावरील हक्क नाकारता येत नाही. मात्र नदीत मूळ पाणीच नसेल, तर प्रक्रिया केलेले सांडपाणीही सौम्य व्हायचे कशात?

उपाय अपरिचित नाहीत. नवीन प्रकल्पांआधी घरे वाहिन्यांना जोडावीत. ठेकेदाराचे देयक क्षमतेवर न देता बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दर्जावर द्यावे. शुद्ध केलेले पाणी उद्योगांना आणि उद्यानांना सक्तीने पुरवावे, म्हणजे नदीचे पाणी नदीत राहील. आणि साहिबीला कागदोपत्री पुन्हा नदी म्हणावे. यात भावुकता नाही. नदी म्हटले की नदीचे मानक लागू होते, आणि ते पाळले न गेल्यास कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.