पन्हळीचं काम आगोटीला संपत नाही

छपरावर पडलेलं पाणी गोळा करून भिंतीपासून आणि पायापासून लांब नेऊन सोडायचं, एवढंच पन्हळीचं काम. ते केवढं मोठं आहे हे आकडेमोड केल्याशिवाय लक्षात येत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. 100 चौरस मीटर, म्हणजे साधारण 1075 चौरस फूट जागा झाकणाऱ्या छपरावर कोकणातला वर्षाचा 3000 मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस धरला, तर तीन लाख लिटर पाणी येतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्याच छपरावर त्या दिवशी 94 हजार लिटरांहून जास्त पाणी आलं असणार. कोकणच्या मानानं पुण्याची वर्षाची बेरीज कितीतरी लहान. पण पन्हळीला वर्षाची बेरीज कळत नाही, तिला अर्ध्या तासाची सर कळते.

जुन्या कौलारू घराला चारी बाजूंनी पन्हळ नसायची आणि तरीही घर टिकायचं. वळचण चांगली पुढे आलेली, जोतं उंच, पागोळ्या पडतात तिथे जांभ्या दगडाची पट्टी आणि पुढे पाण्याला वाट. पन्हळ लागे ती दोन पाख्यांच्या सांध्यात, दारावर, नाहीतर शेजाऱ्याच्या भिंतीलगत. पोफळीचं खोड उभं चिरून आतला गाभा काढला की ती तयार होई; कुजली की बदलायची. आता वळचण फूटभरावर आली, गच्चीगच्चीवर पत्र्याची शेड चढली आणि दोन घरांमधली जागा माणूस जेमतेम जाईल एवढी उरली. पन्हळीवाचून आता चालत नाही, आणि तिची निगा मात्र पूर्वीइतकीच, म्हणजे आठवण झाली तर.

पन्हळ वारंवार तुंबते तेव्हा दोष पुष्कळदा पाल्यापाचोळ्याचा नसून बसवणीचा असतो. दहा फुटांमागे किमान अर्धा इंच ढाळ पाणी खाली नेणाऱ्या नळाच्या दिशेनं हवा. क्लॅम्प दोन-तीन फुटांवर हवेत. लांब लांब लावले की मधली पन्हळ झोळते आणि त्या झोळात पहिल्याच पावसात गाळ बसतो. पत्र्याची कड पन्हळीच्या मध्यापर्यंत यावी. त्याहून पुढे आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून थेट अंगणात जातं, मागे राहिली तर भिंतीवर उतरतं. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवायची, म्हणजे ती भरून वाहिली तरी पाणी बाहेर सांडतं, घरात येत नाही. पुष्कळ कारागीर खालून बघताना रेघ सरळ दिसावी म्हणून नेमकी बाहेरची कड उचलून घेतात. दिसायला छान, आणि मग जुलैत वाशांची टोकं कुजायला लागतात.

पीव्हीसीच्या पन्हळीची एक वेगळी खोड आहे. ती उन्हात लांबते. दहा मीटर पन्हळ पहाटेपासून दुपारपर्यंत 25 अंशांनी तापली तर दीड सेंटीमीटरच्या आसपास वाढते. तिला सरकायला जागा न ठेवता दोन्ही टोकांना स्क्रूनं आवळलं, की सांधे उघडतात आणि गळतीचं खापर सिलिकॉनवर फुटतं. जस्ती पत्र्याला ही अडचण कमी, पण किनाऱ्यालगतची खारी हवा आणि तळाशी महिनोन्‌महिने बसलेला ओला पाला त्याला खातो. जस्ती पत्र्याचा सांधा जुन्या पद्धतीनं डाख देऊन केलेला अजूनही सर्वांत खात्रीचा. लुकणं कुठलंही असो, ओल्या पत्र्यावर धरत नाही. भर पावसात लावलेलं डांबर म्हणजे केवळ मनाचं समाधान.

साफसफाईचा मुहूर्त म्हणून आगोट ठरलेली आहे. शाकारणी, लाकूडफाटा आत घेणं आणि त्याबरोबर पन्हळ. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोचतो, कोकणच्या दक्षिण टोकाला त्याआधी. म्हणून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे काम उरकायचं हा रिवाज बरोबरच आहे. चूक होते ती इथेच काम संपलं असं समजण्यात. आठ महिन्यांची धूळ, सुकलेलं शेवाळ, आंब्याचा वाळलेला मोहर, कौलांच्या सांध्यात अडकलेल्या काड्या आणि कावळ्यानं नुकत्याच आणलेल्या तारा हे सगळं मेमध्ये छपरावरच असतं. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी ते खाली ओढून आणतात आणि साफ केलेली पन्हळ आठवड्यात पुन्हा भरते. त्यामुळे जूनअखेरची सफाई मेमधल्या सफाईपेक्षा जास्त मोलाची आहे. तिसरी श्रावणाच्या उघडिपीत, आणि झाडं अंगावर असतील तर चौथी परतीच्या पावसाआधी. ज्यांच्या घरावर गुलमोहर किंवा शिरीष आहे त्यांनी जाळीवर विसंबू नये. फणसाचं पान जाळी अडवते, ही बारीक पानं तिच्यातून जातात आणि खाली त्यांचा लगदा होतो.

पन्हळ साफ करताना आधी सुका पाला हातमोजे घालून काढायचा. उघड्या हातानं नको, कारण त्याच पाल्याखाली विंचू आणि गांधीलमाशीचं पोळं दोन्ही सापडतात. मग गाळ थापीनं नळाच्या उलट दिशेला ओढून घमेल्यात भरायचा. नळाकडे ढकललेला गाळ नळातच जातो. हा गाळ फेकण्यापूर्वी नीट पाहावा. वरचा थर काळा, कुजका, माती झालेला. तो कुंडीत जातो. तळाशी लालसर रवाळ कण असतील तर मंगळुरी कौलं झिजायला लागली आहेत. तपकिरी पापुद्रे निघाले तर पत्र्याचं आयुष्य संपत आलं, पुढच्या आगोटीला नवा पत्रा धरूनच चालावं. शेवटी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतायचं. ते न थांबता गेलं पाहिजे. जिथे डबकं राहतं तिथला क्लॅम्प उचलायचा. शिडी बारा फुटांवर टेकवायची असेल तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब हवा, खाली धरायला माणूस हवा, आणि वळचणीजवळून गेलेली विजेची तार आधी बघितलेली हवी. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नये. दरवर्षीचे जीवघेणे अपघात तिथेच होतात.

नळ हा पन्हळीचाच भाग, पण तो कुणी बघत नाही. ताशी 100 मिलिमीटर पावसाला चार इंची नळ सुमारे 43 चौरस मीटर छपराला पुरतो. पैसे वाचवायला तीन इंची घातला तर क्षमता पाऊणपट राहत नाही, निम्म्याहून खाली येते. नळ तुंबला की वरून बांबू घालून ठोसण्याची पद्धत आहे. त्यानं बोळा वळणात घट्ट बसतो. खालच्या वळणाला डोअर बेंड असेल तर तो उघडून खालून वर मोकळं करावं. नसेल तर पुढच्या दुरुस्तीत बसवून घ्यावा. अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना नळाचं खालचं तोंड काँक्रीटमध्ये पुरलं जातं, आणि वर कितीही सफाई केली तरी पाणी तुंबतच राहतं.

स्लॅबच्या गच्चीवर पन्हळीची जागा नळाचं तोंड घेतं. त्यावर बसवलेली सपाट जाळी ही सर्वांत वाईट सोय: एक प्लास्टिकची पिशवी पुरते. टोपीसारखी उभट जाळी घ्यावी, म्हणजे तळ झाकला गेला तरी वरून पाणी जातं. 100 चौरस मीटर गच्चीवर एक सेंटीमीटर पाणी साचलं तर एक टन वजन होतं, सहा इंच साचलं तर पंधरा टन. कठड्याला थोड्या उंचीवर एक ओसंडा ठेवलेला बरा.

पाऊस थांबल्यावर पन्हळीत उरलेलं वाटीभर पाणीही डेंग्यूच्या डासाला पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि पाण्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी काढणं पुरेसं नाही, आतल्या कडा ब्रशनं घासाव्या लागतात. सांध्यात उगवलेला पिंपळ दिसला तर तोही त्याच दिवशी मुळासकट काढावा. दोन पानांचा असताना तो बोटांनी निघतो, पुढे त्याला छिन्नी लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीनं वरच्या मजल्याच्या छताचं होणारं नुकसान आणि सांडपाण्याचे नळ यांची दुरुस्ती संस्थेनं स्वखर्चानं करायची असते. वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी भिंतीला ओल येण्याची वाट न बघता एप्रिलमध्येच समितीला लेखी पत्र द्यावं, आणि त्यात जूनअखेरच्या दुसऱ्या सफाईचीही मागणी करावी.