घरचें आरोग्य : खालच्या कवळीच्या खुंट्या

एका भगिनींनीं या सदराकडे पत्र पाठविलें आहे. त्यांच्या सासूबाईंचें वय ७४. दोन्ही कवळ्या बसवून अकरा वर्षें झालीं. वरची कवळी निमूटपणें जागेवर राहते, खालची मात्र घास चावतांच उचलते. सणावारीं पंगतीस बसणें सासूबाईंनीं सोडलें आहे. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर स्वयंपाकघरांत भिंतीकडे तोंड करून त्या वरणभात कालवून गिळतात. दोन दंतवैद्यांना विचारलें, तों एकानें जबड्यांत दोन जाड इम्प्लांट बसवावयास सांगितलें, दुसऱ्यानें चार बारीक. थोरले दीर म्हणतात, बारीक स्वस्त पडतात ते घ्यावे. धाकट्यांचें म्हणणें, आईच्या बाबतींत स्वस्ताई नको. आणि सासूबाई म्हणतात, "आतां किती दिवस राहिले, कशाला हा खर्च?"

सासूबाईंचें हें म्हणणें घरांतील कोणीं मनावर घेऊं नये. भाकरी, कोशिंबीर, फळें सुटलीं म्हणजे प्रकृति खालावते. आणि भिंतीकडे तोंड करून जेवण्याची पाळी कोणत्याहि वयांत येऊं नये.

खालचीच कवळी कां हलते? वरचीस टाळूचा विस्तृत आधार मिळतो व लाळेच्या पातळ थरानें ती चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालाच्या आकाराची. आंतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठ तिला सारखे ढकलीत असतात. शिवाय दांत गेले कीं जबड्याचें हाड झिजूं लागतें. टॉलग्रेन या विदुषींनीं कवळी वापरणाऱ्यांची २५ वर्षें पाहणी करून १९७२ सालीं दाखविलें कीं, खालचें हाड वरच्यापेक्षां सुमारें चौपट झिजतें. अकरा वर्षांच्या कवळीचें अस्तर मध्यंतरीं बदललें होतें काय, हें पत्रांत नाहीं. तें आधीं विचारावें. कधीं कधीं तेवढ्यानेंहि भागतें.

न भागल्यास खुंट्यांचा विचार. टायटॅनियमशीं हाड एकजीव होतें, या शोधाचा उपयोग स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांनीं १९६५ सालीं प्रथम माणसाच्या जबड्यांत केला, आणि तो जबडा खालचाच होता. पुढें २००२ सालीं माँट्रियल येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं असें मत दिलें कीं, सर्व दांत गेलेल्या खालच्या जबड्यास दोन खुंट्यांवरील कवळी हाच पहिला उपाय मानावा.

आतां जाडीचा प्रश्न. नेहमीची खुंटी साडेतीन-चार मिलिमीटर व्यासाची असते. बारीक म्हणतात ती तीन मिलिमीटरच्या आंतली, पुष्कळदां अवघी १.८ मिलिमीटर. घरच्या घरीं हिशेब करून पाहावा. लांबी सारखी धरल्यास १.८ च्या चार खुंट्यांचा हाडास टेकणारा पृष्ठभाग ३.६ च्या दोन खुंट्यांइतकाच भरतो. बारीक असल्या तर चार हव्यात, त्याचें एक कारण हें. पण वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणें बदलते. जाडी निम्मी झाली कीं ताकद एक-अष्टमांश उरते. म्हणजे या हिशेबानें चार बारीक मिळून अर्ध्या जाड खुंटीची बरोबरी करतात! प्रत्यक्षांत अंतर इतकें मोठें नसतें. जाड खुंटी स्क्रूकरितां आंतून पोकळ असते, आणि बारीक खुंटी शुद्ध टायटॅनियमपेक्षां कणखर अशा मिश्रधातूची व एकसंध असते. तरी अंतर उरतेंच, आणि एकसंध खुंटीचा माथा झिजला तर तेवढाच बदलतां येत नाहीं.

मग बारीक घ्यावी कशाला? हाडासाठीं. खुंटीच्या दोन्ही अंगांस निदान एकेक मिलिमीटर हाड राहिलें पाहिजे. चार मिलिमीटरच्या खुंटीस सहा मिलिमीटर रुंद हाड लागतें. झिजलेल्या जबड्याचा कांठ पुष्कळदां याहून अरुंद असतो. तेथें जाड खुंटी घालावयाची तर हाडाचें कलम करा, महिनेच्या महिने थांबा, हें आलें. बारीक खुंटी बहुधा हिरडी न चिरतां बसते, आणि पकड घट्ट मिळाल्यास कवळी त्याच दिवशीं अडकवितां येते. वृद्ध माणसाच्या दृष्टीनें हा लाभ लहान नव्हे.

ब्राझीलमध्यें १२० जणांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत वर्षअखेर जाड खुंट्यांपैकीं शेंकडा ९९ टिकल्या. चार बारीक घातलेल्यांत शेंकडा ८९, आणि दोनच बारीक घातलेल्यांत ८२. म्हणून माझें मत असें : त्रिमितीय स्कॅनमध्यें हाड सहा मिलिमीटर रुंद निघालें तर दोन जाड खुंट्या घ्याव्या, धाकट्या दिरांचें ऐकावें. हाड अरुंद असून कलमाची तयारी नसेल तर चार बारीक. त्यांत कमीपणा मानूं नये. पण काटकसर म्हणून चारांच्या दोन मात्र करूं नयेत.

मधुमेह असल्यास साखर आटोक्यांत आणावी, आणि हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनें चालूं असल्यास दंतवैद्यास आधींच सांगावें. कांहीं औषधांनीं जबड्याची जखम भरत नाहीं. कवळींतील रबरी कड्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. तो खर्च थोरल्या दिरांनीं हिशेबांत धरावा. खुंटीभोंवतीं रोज मऊ ब्रश फिरवावा व रात्रीं कवळी काढून ठेवावी.

स्कॅन झाल्यावर हाडाची रुंदी किती भरली, तें पत्रलेखिकेनें जरूर कळवावें.