बावन्न पाने तोंडपाठ

प्रेक्षकांतून एकजण पान सांगतो, बदाम राणी. दुसरा आकडा सांगतो, वीस. जादूगार पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवतो आणि हात मागे घेतो. प्रेक्षक स्वतः एकेक पान मोजत उलटतो. विसावे पान बदाम राणीच निघते.

यात आरसा नाही, खुणेचे पत्ते नाहीत, गर्दीत पेरलेला साथीदारही नाही. जादूगाराला अख्खा जोड क्रमाने पाठ आहे. त्याच्या क्रमात बदाम राणी अकरावी. विसातून अकरा गेले, उरले नऊ. गप्पा मारता मारता त्याने खालची नऊ पाने वर घेतली, इतकेच. जादूच्या दुनियेत याला ‘मेमोराइज्ड डेक’ म्हणतात. ही युक्ती इथे उघड सांगितल्याने कोणाचे नुकसान होण्याची भीती नाही. ती वाचून लगेच कोणाला जमणार नाही आणि ज्याला जमेल त्याने तेवढे कष्ट घेतलेले असतील. पाठांतराला नाके मुरडण्याच्या आजच्या काळात या कलेकडे गंभीरपणे पाहायला हवे ते यासाठीच.

पत्ते क्रमाने लावून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. ओरात्सियो गालासो या इटालियन लेखकाच्या १५९३ सालच्या पुस्तकात क्रम लावलेल्या जोडाचे वर्णन सापडते. पुढे अमेरिकेत सी स्टेबिन्स या जादूगाराच्या नावाने एक सोपी रचना गाजली. तिच्यात प्रत्येक पान आधीच्यापेक्षा तीनने मोठे असते आणि किलवर, बदाम, इस्पिक, चौकट हे रंग फिरत्या पाळीने येतात. चौकट दुर्री दिसली की पुढे किलवर पंजा येणार, हे न पाहता कळते. पण इथे पाठ होतो तो फक्त नियम. लाल-काळ्याचा आळीपाळीने येणारा पट्टा चाणाक्ष प्रेक्षकाच्या नजरेत भरतो आणि ‘सतरावे पान कोणते?’ असे विचारले की जादूगाराला डोक्यात हिशोब मांडावा लागतो.

म्हणून नियम सोडून थेट स्मरणाकडे जाणारे निघाले. लुई निकोला यांनी १९२७ मध्ये आपली पद्धत छापली. शिकागोत वकिली करणारे सायमन अ‍ॅरनसन यांनी १९७९ मध्ये आपला क्रम प्रसिद्ध केला. माद्रिदचे हुआन तामारीझ यांचा ‘म्नेमोनिका’ क्रम आणि त्यावरचा मोठा ग्रंथ २००० साली स्पॅनिशमध्ये आला, २००४ मध्ये इंग्रजीत. वरची बदाम राणी याच क्रमातली. पाहणाऱ्याला तो पूर्ण विस्कटलेला वाटतो. पण कोऱ्या जोडापासून अचूक फारो पद्धतीने, म्हणजे दोन अर्धे एकाआड एक गुंफून पिसत आणि थोडा फेरफार करत, तिथवर पोहोचता येते.

पाठ कसे करायचे? बहुतेक जण आकड्याचे आणि पानाचे एकेक चित्र करून दोन्ही चित्रे एकमेकांत अडकवतात. युरोपात त्यासाठी अंकांना व्यंजने जोडण्याची रीत वापरतात. आपल्याकडे हीच कल्पना कटपयादी पद्धतीत फार आधीपासून आहे. हरिदत्त या गणितज्ञाने सातव्या शतकात ती वापरली आणि केरळच्या ज्योतिर्गणितात ती रुळली. तिच्यात ‘क’ म्हणजे एक आणि ‘ट’ म्हणजेही एक. तेव्हा अकरा म्हणजे काटा. बदाम राणीच्या तळपायात काटा रुतला आहे आणि ती लंगडत चालली आहे, असे एकदा डोळ्यांपुढे आणा. अकरा म्हटले की राणी आठवेल आणि राणी म्हटले की अकरा.

खरी मेख या दोन्ही दिशांमध्ये आहे. पहिल्या पानापासून बावन्नाव्यापर्यंत धडाधड म्हणून दाखवणे फारसे अवघड नाही, पण जादूगाराला त्याचा उपयोगही फारसा नाही. त्याला पंचेचाळीस ऐकताच इस्पिक गुलाम दिसायला हवा आणि इस्पिक गुलाम दिसताच पंचेचाळीस. समजा, प्रेक्षकाने मधले एक पान ओढले आणि जादूगाराने जोड तिथेच कापून वरचा भाग खाली घातला. तळाशी इस्पिक गुलामाची ओझरती झलक मिळाली की प्रेक्षकाच्या हातात सेहेचाळीसावे पान, चौकट राणी, आहे हे पक्के. त्या क्षणी पहिल्यापासून मोजत बसला, तर प्रयोग बसलाच म्हणून समजावे.

इथे एक आक्षेप निघतो. प्रेक्षकाने पत्ते खरोखर पिसले, तर सारी मेहनत वाया. बरोबर आहे. बावन्न पानांच्या शक्य क्रमांची संख्या आठावर सदुसष्ट शून्ये देण्याइतकी प्रचंड आहे आणि डेव्ह बायर व पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की साधारण सात वेळा नीट पिसले की जोड पुरेसा विस्कटतो. म्हणून जादूगार पिसल्याचा नुसता आभास करायला शिकतो, किंवा पिसायला देण्याजोगा प्रयोग शेवटी ठेवतो. मर्यादा आहेच, पण तिच्या आत मोकळीक केवढी! प्रेक्षक काय म्हणेल हे आधी ठाऊक नसते. त्याने सांगितलेले पान कुठे आहे हे मात्र ठाऊक असते. त्यामुळे पुढचा प्रयोग जादूगार तिथल्या तिथे रचू शकतो. ज्याला काहीच पाठ नाही, त्याला ठरलेल्या वाटेनेच जावे लागते.

आपल्या शाळांमधल्या वादात नेमके हेच निसटते. एक बाजू म्हणते, घोकंपट्टीने मुलांची कल्पकता मरते. दुसरी म्हणते, पाठांतर गेले आणि पिढी बिघडली. मेमोराइज्ड डेककडे पाहिले तर दोष पाठ करण्यात दिसत नाही. एकाच दिशेने, एकाच टोकाकडून पाठ करण्यात दिसतो. आठचा पाढा खाडखाड म्हणणारे मूल ‘आठ सक्का?’ विचारल्यावर आठ एकेपासून सुरू करते, तेव्हा त्याच्याकडे माहिती असूनही ती हाताशी नसते. यावर पाढे बंद करणे हा उपाय नव्हे. शिक्षकांनी ते उलटसुलट विचारावेत. पाढ्याला मधूनच सुरुवात करायला लावावी. छप्पन्न हा आकडा देऊन तो कोणकोणत्या पाढ्यांत येतो ते शोधायला सांगावे: सातच्या, आठच्या, चौदाच्या, अठ्ठावीसच्या. इतिहासाच्या सनावळ्यांनाही हीच रीत लावता येईल आणि त्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा वेगळा तास लागणार नाही, प्रश्न विचारण्याची पद्धत तेवढी बदलावी लागेल.