वेदनाशामक गोळी आणि आतड्यांचा दाह

खानदेशातून येऊन डिंडोली-उधना परिसरात स्थायिक झालेल्या कष्टाळू मंडळींना कंबरदुखीसाठी घरी बसणे परवडत नाही. दिवसभर गादीवर बसणारा दुकानदार काय किंवा यंत्रमागापुढे उभा असणारा कामगार काय, कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी घेतो आणि कामास लागतो. एखाद्या दिवसाने निरोगी माणसाचे सहसा बिघडत नाही. परंतु महिनोन्महिने गोळी चालू राहिली, म्हणजे जठरच नव्हे, आतड्यांचे अस्तरही दुखावते. आणि ज्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस वा क्रोन्स हा आतड्यांचा चिवट दाह आधीच जडला आहे, त्याचा विकार तिने उसळू शकतो.

हा पाश्चात्त्यांचा रोग, अशी समजूत आजही आढळते. लुधियाना येथे १९९९ साली घरोघर झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. त्याचे एकच एक कारण शास्त्रास सापडलेले नाही. मात्र बालपणी वारंवार दिलेली प्रतिजैविके आणि भाजी-भाकरीची जागा घेणारे पाकीटबंद पदार्थ यांच्याशी या विकारांचा संबंध दिसतो. धूम्रपानाने क्रोन्सचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. (कोलायटिस धूम्रपान सोडलेल्यांत अधिक दिसतो, हे ऐकून कोणी पुन्हा विडी पेटवू नये!)

आमच्या मते मोठी जबाबदारी गल्ल्यामागे बसणाऱ्याची आहे. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या व प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याची मनाई आहे. कित्येक प्रतिजैविकांची तर २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तरीही गिऱ्हाईक तुटेल या भीतीने पट्टी कापून दिली जाते. ‘आपण नाही दिली तर शेजारचा देतोच’ ही सबब आम्हांस मान्य नाही. सभासद औषधविक्रेत्यांनी मिळून निश्चय केला, तर एकट्यावर भार पडणार नाही. व्यापारी मंडळे असतात ती याचसाठी.

शौचावाटे रक्त पडू लागले की मूळव्याध समजून, लाजेपोटी महिने काढले जातात. रक्तमिश्रित जुलाब थांबत नसतील व वजन घटत असेल, तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आपल्या देशात आतड्यांचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो, आणि क्षयरोग्यास चुकून स्टेरॉइड दिले गेले तर क्षय बळावतो. म्हणून अंदाजाने उपचार नकोत. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मनानेच बंद करू नये. तपासणीस जाताना गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात.