जकात आणि नीती

परदेशी माल बंदरावर अडविण्याचा अधिकार सरकारास असतो, तो केवळ तिजोरी भरण्यासाठी नव्हे. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या अकराव्या कलमात सभ्यता व नीती यांच्या रक्षणासाठीही आयात रोखता येईल, असे म्हटले आहे. काही माल घरात येऊ न देणे हे राज्याचे काम आहे, हे तत्त्व कायद्यास मान्य आहे. मग तो माल चोरवाटेने येऊ लागला, तर तत्त्व सोडावे की पहारा वाढवावा?

चंद्रपूर जिल्ह्यात या प्रश्नाचे जे उत्तर देण्यात आले, ते आम्हांस मान्य नाही. तेथील स्त्रियांनी २०१० साली चिमूरहून नागपुरास पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. कारण काय, तर चोरटी दारू येते, गुन्हे वाढतात आणि महसूल बुडतो.

हा युक्तिवाद फार जुना आहे. १८३६ साली श्यू नायची नावाच्या अधिकाऱ्याने चीनच्या बादशहास असाच अर्ज केला होता: अफूची चोरटी आयात थांबत नाही, देशातील रुपे बाहेर जाते, तेव्हा जकात बसवून तिला मोकळीक द्यावी. बादशहाने ते मानले नाही. १८३९ साली लिन झशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. तीत आमच्या मुंबई बंदरातून गेलेला माळव्याचा मालही होता. पुढे युद्धात हार खाल्ल्यावर, १८५८ साली, पेटीमागे तीस तैल जकात ठरून अफू राजमान्य झाली. त्याने व्यसन कमी झाले काय? उलट चीनच्या शेतांतही अफू अधिकाधिक पिकू लागली. जकातीने चोराचा सावकार झाला. व्यसनी मात्र व्यसनीच राहिला.

चंद्रपुरात बंदी असतानाही दारू मिळत होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळात ज्या बाटलीवर कर घ्यावयाचा, तीच बाटली अलीकडे आली म्हणजे पकडावयाची, अशा सरकारच्या पहाऱ्यास जोर कोठून येणार? दोष बंदीचा नव्हे, दुटप्पीपणाचा होता. त्याचे फळ आज गडचिरोली भोगीत आहे. तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे. पण आता वैनगंगेच्या एका तीरावर परवान्याची दुकाने आणि दुसऱ्या तीरावर बंदी, अशी स्थिती झाली आहे.

कोणी म्हणेल, देवकार्यात मोहाची दारू वाहणाऱ्या गोंड-माडियांस बाहेरच्यांनी नीती शिकवू नये. हे खरे आहे. म्हणूनच १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील मादक पदार्थांवर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायती यांच्याकडे सोपविला. परंतु मोहाची फुले गावच्या जंगलात वेचली जातात. मोटारीतून रातोरात येणाऱ्या मोहोरबंद बाटलीस त्या परंपरेचा आधार कसा मिळावा?

आणखी एक विसंगती पाहा. महाराष्ट्रात गावातील दारूचे दुकान मतदानाने बंद करावयाचे, तर स्त्रियांस घराबाहेर पडून ‘आडव्या बाटली’स मत द्यावे लागते, आणि मतदानास आलेल्यांपैकी नव्हे, तर एकूण मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. अख्ख्या जिल्ह्यातील दुकाने उघडताना मात्र एकाही स्त्रीचे मत घेतले गेले नाही. बंद करण्यास बहुमत हवे आणि उघडण्यास मंत्र्यांची एक बैठक पुरे, हा न्याय कोणता?

आमची मागणी एवढीच आहे. जी कसोटी आडव्या बाटलीस, तीच उभ्या बाटलीस लावावी. प्रत्येक गावातील स्त्रियांस विचारावे, आणि त्यांचा होकार मिळेपर्यंत दुकानास कुलूप असावे. दारूच्या करातून तिजोरीत किती पैसा आला, याचा हिशेब सरकार ठेवते. तो पैसा ज्या घरांतून आला, तेथील चुलीचा हिशेब त्या स्त्रियाच देऊ शकतील.