प्रीसेट मंचावर बांधा

डिजिटल प्रोसेसर खऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची बरोबरी करतो का, हा वाद आता संपला असे आमचे मत आहे. ८ डिसेंबर २०१३ रोजी मेटालिका अंटार्क्टिकातल्या कार्लिनी या अर्जेंटिनाच्या तळावर वाजली. तिथल्या पर्यावरणाला धक्का लागू नये म्हणून मंचावर अ‍ॅम्प नव्हते, श्रोते हेडफोन लावून ऐकत होते आणि गिटारी फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्समधून जात होत्या. पण त्या एका दिवसाची सोय म्हणून ही यंत्रे परत गेली नाहीत. पुढच्या दौऱ्यांवर वाटेल तितके अ‍ॅम्प नेणे या बँडला सहज शक्य होते, तरी तिचे गिटारवादक हेटफिल्ड आणि हॅमेट यांनी तीच ठेवली. ज्यांच्या अ‍ॅम्पचा टोन मिळवण्यासाठी पिढ्यांनी जीव टाकला, त्या वादकांनीच हा कौल दिला आहे.

आपल्याकडे तर कारणे अधिक रोकडी आहेत. चार स्पीकरचे बारा इंची कॅबिनेट एकटेच पस्तीस किलोंच्या आसपास जाते आणि देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या १५ किलो सामान नेऊ देतात. प्रोसेसरांपैकी क्वाड कॉर्टेक्स दोन किलोंच्या आत आहे, हेलिक्स साडेसहा किलोंचा. दुसरे कारण आवाजाचे. लहान क्लबमध्ये अ‍ॅम्पचा आवाज मंचावरून थेट पहिल्या रांगेवर आदळतो, मिक्सरवर बसलेल्या माणसाला तो खाली आणता येत नाही. प्रोसेसरचा येतो.

तरीही कार्यक्रमानंतर एकच तक्रार सारखी कानावर येते: गिटार ऐकूच आली नाही. घरी भरदार वाजणारा प्रीसेट मंचावर झांजांच्या आणि बेसच्या मध्ये कुठेतरी हरवतो. दोष यंत्रावर ढकलला जातो, मग नवे यंत्र येते आणि तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

कारण जुने आहे आणि ते आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते झपाट्याने पुढे येतात. रात्री घरच्यांची झोप सांभाळत बसलेला वादक म्हणून बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मधला भाग कापतो. तेवढ्या आवाजात ते सुरेख लागते. तोच प्रीसेट शंभर डेसिबलवर गेला की खालचा भाग घुमतो, वरचा कानात टोचतो आणि गिटारचा खरा मुक्काम जिथे आहे तो मधला भाग रिकामा राहतो. तेव्हा प्रीसेट कितीही मेहनतीने बांधलेला असो, तो मंचावरच्या आवाजात बांधलेला नसेल तर अर्धाच आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. तालमीच्या खोलीत पी.ए. स्पीकरवर, ड्रम आणि बेस वाजत असताना, एक संपूर्ण तास फक्त टोनसाठी ठेवा. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर बोलते. त्याच्या खाली जे काही आहे ते बेस गिटारचे आणि बेस ड्रमचे घर आहे, ते मोकळे करून द्या. वरच्या बाजूला, खरा बारा इंची गिटार स्पीकर पाच हजार हर्ट्झनंतर उतरत जातो. कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) लावूनही करकर राहत असेल, तर सहा ते आठ हजारांच्या दरम्यान हाय-कट लावून पाहा. एकटे ऐकताना टोन थोडा बोथट वाटेल. बँडमध्ये तो नेमका बसेल.

लीडच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की ती इथे सविस्तर सांगणे भाग आहे. सोलो आला की पाय ओव्हरड्राइव्हवर पडतो. अ‍ॅम्पचे मॉडेल आधीच भरपूर गेनवर असेल, तर पुढून आणखी सिग्नल ढकलल्याने आवाज वाढत नाही, फक्त डिस्टॉर्शन दाट होते आणि स्वराचा पहिला ठोसा दबतो. नेमका सोलोलाच गिटार मागे गेली असे मग वाटते. सोलोसाठीचे तीन-चार डेसिबल अ‍ॅम्प आणि कॅबिनेटच्या नंतर, साखळीच्या शेवटच्या टोकाला वाढवा. सगळ्या प्रीसेटची पातळीही कानाने, बँडबरोबर जुळवा. पडद्यावरचा मीटर क्लीन आणि डिस्टॉर्शन यांचा हिशेब कानासारखा करत नाही.

स्टिरीओचा मोह आवरा. आपल्याकडच्या पुष्कळ हॉलमध्ये पी.ए. मोनोच चालतो. डावी-उजवी बाजू एकत्र झाली की रुंद कोरस आणि दोन बाजूंचे दोन वेगळे आयआर एकमेकांना खातात. साउंडचेकला पोहोचण्याआधी मोनोत एकदा ऐकून ठेवा.

लॅगची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. कॅबिनेटपासून तीन मीटर दूर उभे राहिलात तरी आवाज तुमच्यापर्यंत यायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. चांगला प्रोसेसर त्याहून कमी घेतो. डिजिटल वायरलेस, प्रोसेसर, डिजिटल मिक्सर आणि इअर मॉनिटर यांची बेरीज झाली की मात्र हाताला ती जाणवू लागते. तसे झाले तर आधी वायरलेस काढून केबल लावून बघा.

सगळ्यात मोठा बदल नात्याचा आहे. अ‍ॅम्प पाठीशी होता तोवर वादकाला स्वतःला ऐकायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आता त्याचा प्रत्येक स्वर साउंडवाल्याच्या हातून त्याच्याकडे परत येतो. म्हणून त्या माणसाला वेळेवर भेटा, नाव विचारा. आउटपुट मोनो आहे की स्टिरीओ, सोलोला पातळी किती वाढते, ते आधीच सांगा. आपल्या चॅनेलचा फँटम पॉवर बंद आहे ना, याची खात्री करून घ्या. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्ट वापरता येतो हेही दोघांना माहीत असू द्या. त्याने गिटारचा मधला भाग कापला, तर का कापला ते विचारा. बहुतेकदा तो गायकाला जागा करून देत असतो आणि त्याचे बरोबर असते.

विजेचा प्रश्न परदेशी मासिकांत फारसा येत नाही, आपल्याला तो टाळता येणार नाही. जनरेटरवर गेल्यावर व्होल्टेज क्षणभर जरी कोसळले, तरी यंत्र पुन्हा सुरू होते आणि ते सुरू होईपर्यंत बँड तुमच्याशिवाय वाजत राहतो. लहान यूपीएस जवळ ठेवा. बॅगेत एक साधा प्रीअ‍ॅम्प पेडल असू द्या, जो थेट मिक्सरला जोडता येईल. प्रीसेटची प्रत पेन ड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे ठेवा.

दर वर्षी नवा प्रोसेसर बाजारात येतो आणि जुना विकायला निघतो. आमची वाचकांना विनंती एवढीच: पुढचे यंत्र घेण्याआधी त्या पैशांतला थोडा भाग एका चांगल्या फुल-रेंज मॉनिटरवर आणि तालमीच्या काही जादा तासांवर खर्च करा, आणि आज हातात असलेल्या यंत्रातले चारच प्रीसेट मंचाच्या आवाजात पक्के करा.